अकाउंटन्सीचा अभ्यास: लेक्चर कधी बघायचं, पुस्तक कधी उघडायचं

कन्सॉलिडेशनची, म्हणजे पॅरेंट (मुख्य) कंपनी आणि तिच्या ताब्यातली सबसिडिअरी यांचे हिशोब एकत्र मांडण्याची, सगळी लेक्चर्स मी दोनदा बघितली होती. वही भरली होती, शंका एकही उरलेली नव्हती. मग सराव परीक्षेत एक साधा प्रश्न आला. पॅरेंट कंपनीकडे सबसिडिअरीचे ८० टक्के शेअर्स. सबसिडिअरीने कॉस्टवर २५ टक्के नफा लावून पॅरेंटला १,५०,००० चा माल विकला आणि वर्षअखेरीला त्यातला एक तृतीयांश माल पॅरेंटकडे पडून आहे. न कमावलेल्या नफ्याचं समायोजन करा.

मी ५०,००० चे २५ टक्के काढले, १२,५०० लिहिले आणि सगळी रक्कम पॅरेंटच्या वाट्यातून वजा केली. एका ओळीत दोन चुका. नफा कॉस्टवर लावलेला आहे आणि ५०,००० ही विक्रीची किंमत आहे, म्हणून २५/१२५ घ्यायला हवं होतं, म्हणजे १०,०००. शिवाय माल सबसिडिअरीने विकलाय, म्हणजे नफा तिच्या पुस्तकात आहे. त्यातले ८,००० पॅरेंटच्या वाट्याचे आणि २,००० एनसीआयचे, म्हणजे सबसिडिअरीच्या उरलेल्या २० टक्के शेअरधारकांचे.

घरी येऊन तेच लेक्चर लावलं. सरांनी फळ्यावर २५/१२५ स्वच्छ लिहिलं होतं, आणि "विकणारा कोण आहे ते आधी बघा" हे वाक्य दोनदा उच्चारलं होतं. दोन्ही वेळा मी मान डोलावली असणार. पण ते २५/१२५ माझ्या हाताने एकदाही लिहिलं गेलं नव्हतं.

पुढे कितीतरी विद्यार्थ्यांसोबत बसून अभ्यास केला, करून घेतला, आणि हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला. "व्हिडिओ चांगले की पुस्तक?" असं मला कोणी विचारलं की मी उलट विचारते: कोणत्या धड्यासाठी, आणि तुम्ही नक्की कुठे अडलाय? कामाच्या कोणत्या टप्प्यावर अडलोय यावर साधन ठरतं. क्रम कळत नसेल तर लेक्चर. अटी आणि शब्द पक्के नसतील तर वाचन. दोन्ही जमत असेल तर दोन्ही बंद करून कोरा कागद. लेखात पुढे आहे ते हे ओळखायचं कसं आणि प्रत्येक साधन वापरायचं कसं.

एक गोष्ट आधीच बाजूला करूया. "मी व्हिज्युअल लर्नर आहे, मला वाचून कळत नाही" असं खूप जण मनापासून म्हणतात. हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा प्रत्येकाला त्याच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने जास्त शिकता येतं याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. आवड वेगवेगळी असते, ती असू द्या. पण आवडीवरून साधन ठरवलं की जे वाचणं सगळ्यात गरजेचं असतं तेच टाळलं जातं.

पायरी १: धडा मागतो काय ते बघा

धडा सुरू करण्याआधी त्यावरचे जुन्या परीक्षांतले पाच-सहा प्रश्न काढा. सोडवू नका, फक्त वाचा आणि प्रत्येकासमोर एक अक्षर लिहा. आकडेमोड आणि फॉरमॅट मागणारा असेल तर 'ह', म्हणजे हाताचं काम. एखादी घटना देऊन "याची नोंद कशी होईल, कारण द्या" असं विचारत असेल तर 'श', म्हणजे शब्दांचं काम. दोन्ही असेल तर दोन्ही अक्षरं.

कॅश फ्लो स्टेटमेंट, कन्सॉलिडेशन, भागीदारी फर्मचं विसर्जन, प्रोसेस कॉस्टिंग, व्हेरिअन्स या धड्यांत 'ह' भरपूर दिसतील. इथे अडचण असते ती आधी काय आणि नंतर काय याची. कुठली वर्किंग नोट (उत्तराला लागणारा बाजूचा हिशोब) पहिली, कुठला आकडा कुठून उचलायचा, फॉरमॅट कधी मांडायचा. माणूस ते करताना बघितलं की हा क्रम पटकन डोक्यात बसतो. पुस्तकात उत्तर पूर्ण छापलेलं असतं, ते कुठल्या क्रमाने तयार झालं ते कागदावर दिसत नाही. म्हणून इथे पहिली भेट लेक्चरची असावी.

प्रोव्हिजन्स, रेव्हेन्यू, लीज, फायनान्शिअल इन्स्ट्रुमेंट्स, ऑडिट, कायदा इथे 'श' जास्त. इथे एका शब्दाने उत्तर फिरतं, आणि शब्द वाचूनच पक्का होतो.

याचं एक उदाहरण देते, कारण हा मुद्दा नुसता सांगून पटत नाही. १ जानेवारीला ९,६०,००० चं मशीन घेतलं. बसवणं आणि चाचणी पूर्ण होऊन ते १ एप्रिलला वापरासाठी तयार झालं. प्रत्यक्ष उत्पादन १ जुलैला सुरू झालं. आयुष्य ८ वर्षं, स्क्रॅप शून्य, पद्धत स्ट्रेट लाइन (दरवर्षी सारखा घसारा), वर्षअखेर ३१ डिसेंबर. वर्षाचा घसारा १,२०,०००. पहिल्या वर्षी किती?

खरेदीपासून धरला तर १,२०,०००, वापर सुरू झाल्यापासून धरला तर ६०,०००. आयएएस १६ हे आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्ड म्हणतं की मालमत्ता वापरासाठी उपलब्ध झाली, म्हणजे व्यवस्थापनाला हव्या त्या जागी आणि हव्या त्या स्थितीत आली, की घसारा सुरू होतो. म्हणून ९ महिने, ९०,०००. 'वापरात' आणि 'वापरासाठी उपलब्ध' यात ३०,००० चा फरक पडला. लेक्चरमध्ये हे वाक्य काही सेकंदांत कानावरून निघून जातं. कागदावर तुम्ही 'उपलब्ध' या शब्दाखाली रेघ ओढता.

आयएएस ३७ मधला 'प्रोबेबल' हा शब्दही तसाच. बोलताना आपण 'शक्यता आहे' असं सैलपणे म्हणतो. स्टँडर्डमध्ये त्याचा अर्थ ठरलेला आहे: न होण्यापेक्षा होण्याची शक्यता जास्त. शिवाय प्रोव्हिजन, म्हणजे पुढे द्याव्या लागणाऱ्या रकमेची तरतूद, करायला तीन अटी एकत्र लागतात. मागच्या घटनेमुळे आज आलेलं दायित्व, पैसा किंवा इतर साधनं बाहेर जाण्याची अशी शक्यता, आणि रकमेचा भरवशाचा अंदाज. यातली एक जरी सुटली तरी निष्कर्ष चुकतो. ऐकून लक्षात राहिलेल्या तीन अटी परीक्षेत बहुतेक वेळा दोनच होऊन उतरतात.

पायरी २: लेक्चरच्या आधी वीस मिनिटं स्वतः झगडा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि मला हीच सगळ्यात मोलाची वाटते. धड्यातलं पहिलं सोपं गणित घ्या, घड्याळ लावा आणि काही येत नसलं तरी सुरुवात करा. जेवढं येतं तेवढं लिहा. जिथे थांबलात तिथे कागदावर गोल करा आणि बाजूला नेमकं काय अडलं ते एका वाक्यात लिहा. "घसारा नफ्यात परत का मिळवायचा?" किंवा "उत्तर शोधायला कुठून सुरू करू तेच कळत नाही."

आता हे वाक्यच तुम्हाला साधन सांगतं. "कुठून सुरू करू" हा क्रमाचा प्रश्न, लेक्चर लावा. "हे धरायचं की नाही" हा अटीचा प्रश्न, पुस्तक किंवा स्टँडर्ड उघडा. "कारण काय" हा प्रश्न असेल तर ज्या शिक्षकाची समजावण्याची हातोटी चांगली आहे त्याचा तेवढाच भाग ऐका. आणि आकडा फक्त बेरजेत चुकला असेल तर काहीच उघडायची गरज नाही, दुसरं गणित घ्या.

शिवाय एकदा झगडून झालं की तेच लेक्चर वेगळं ऐकू येतं. सर तुमच्या गोलाजवळ आले की कान टवकारतात.

पायरी ३: लेक्चर बघण्याची रीत

लेक्चरचा मोठा धोका म्हणजे ते सोपं वाटतं. सराईत माणूस न अडखळता सोडवत जातो आणि त्याची सफाई आपल्याला स्वतःची वाटू लागते. मायकल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग वाचले तेव्हा मला माझी सराव परीक्षा आठवली. लोकांना डार्ट फेकणं, मूनवॉक अशा कौशल्यांचे व्हिडिओ दाखवले. जितक्या जास्त वेळा बघितलं तितकी "मलाही जमेल" ही खात्री वाढली, प्रत्यक्ष करायला लावल्यावर कामगिरी मात्र सुधारलेली नव्हती. शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगात एकच मजकूर एकदा आत्मविश्वासाने आणि एकदा अडखळत सांगितलेला होता. सफाईदार वक्ता ऐकणाऱ्यांना वाटलं की आपण खूप शिकलो. चाचणीत दोन्ही गटांना जवळपास सारखंच आठवलं.

म्हणून लेक्चर बघताना स्वतःला एकच नियम लावा: उत्तर दिसण्याआधी पॉज. शिक्षकाने प्रश्न वाचला की थांबवा. पुढची ओळ, पुढची एंट्री, पुढचा आकडा आधी तुमच्या कागदावर येऊ द्या. मग प्ले. जुळला तर पुढे. नाही जुळला तर का नाही ते लाल पेनने बाजूला. एका तासाच्या लेक्चरला असे दीड-दोन तास जातात, आणि ते जाऊ द्यावेत. पंधरा लेक्चर्स नुसती बघण्यापेक्षा आठ अशी केलेली जास्त कामाची.

स्क्रीनवरचं जसंच्या तसं उतरवून घेऊ नका. ती हस्तलेखनाची मेहनत आहे, अकाउंटिंगची नाही. छापील नोट्स मिळत असतील तर घ्या आणि वहीत फक्त चुका आणि स्वतःच्या भाषेतली कारणं ठेवा.

वेगाबद्दल नेहमी विचारलं जातं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं की दुप्पट वेगापर्यंत व्हिडिओ पाहिले तरी समजण्यात फारसा तोटा होत नाही, त्यापुढे होतो. पण तिथे हातात पेन घेऊन गणित सोडवायचं नव्हतं. माझ्या मते थिअरी आणि उजळणी दीडपट वेगाने चालेल, गणित मात्र साध्या वेगानेच बघा. हिशोब करून बघा ना: ४० तासांचं लेक्चर दीडपट वेगाने २६ तास ४० मिनिटांत संपतं. वाचलेले १३ तास २० मिनिटं गणितं सोडवण्यात गेली तर फायदा आहे. पुढचं लेक्चर बघण्यात गेली तर नाही.

लांबलचक लेक्चर एका बैठकीत संपवायचा हट्टही नको. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ऑनलाइन कोर्सेसवरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ सत्रं तपासली. सहा मिनिटांच्या पुढच्या व्हिडिओंमध्ये लोकांचं लक्ष टिकताना दिसलं नाही. हे लक्ष टिकण्याबद्दल आहे, शिकण्याबद्दल नाही, तरी इशारा पुरेसा आहे. एक वर्किंग नोट संपली की थांबा आणि तेवढीच कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा.

पायरी ४: पुस्तक वाचण्याची रीत

वाचनातही तीच फसवणूक असते, फक्त वेगळ्या रूपात. हायलायटर फिरवत पान पिवळं केलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. अधोरेखित करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं यांना त्यांनी कमी उपयोगाच्या रांगेत बसवलं. वर कोण होतं? स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणं.

सोडवलेलं उदाहरण वाचताना उत्तरावर एक कागद ठेवा. प्रश्न वाचा, पहिली पायरी स्वतः लिहा, मग कागद एक ओळ खाली सरकवा. लेक्चरमधल्या पॉजचंच काम हा कागद करतो आणि इथे वेग पूर्ण तुमच्या हातात असतो. मला व्यक्तिशः हे लेक्चरपेक्षा जास्त आवडतं. कोणी पुढे ओढत नाही.

स्टँडर्ड किंवा कायद्याचं कलम वाचताना प्रत्येक परिच्छेदातून तीनच गोष्टी शोधा: कधी लागू होतं, काय करायचं, आणि अपवाद कोणता. मग पुस्तक मिटून त्या तीन ओळी लिहा. आयएफआरएस १५ सारख्या, उत्पन्न कधी आणि किती दाखवायचं ते सांगणाऱ्या मोठ्या स्टँडर्डला तर आधीच सांगाडा आहे, पाच टप्प्यांचा. करार ओळखा, त्यातली वचनं वेगळी करा, किंमत ठरवा, ती किंमत वचनांवर वाटा, आणि वचन पूर्ण होईल तेव्हा किंवा होत जाईल तसं उत्पन्न दाखवा. हे पाच टप्पे न बघता लिहिता आले की बाकीचा तपशील कुठे टांगायचा ते कळतं.

उदाहरण कोरं घ्या. एक कंपनी १०,००० मध्ये एक यंत्र आणि दोन वर्षांची देखभाल एकत्र विकते. स्वतंत्र विकलं तर यंत्र ९,००० ला जातं आणि देखभाल ३,००० ला. दोन वेगळी वचनं आहेत, बेरीज १२,०००. मग यंत्राला १०,००० × ९/१२ म्हणजे ७,५०० आणि देखभालीला २,५००. यंत्राचे ७,५०० ताबा दिल्यावर, देखभालीचे दोन वर्षांत दरवर्षी १,२५०. वाचून हे चार ओळींत कळतं. लेक्चरची गरज इथे पडलीच तर एवढीच, की "वचन वेगळं आहे की नाही" हे कसं ओळखायचं याची दोन-तीन उदाहरणं ऐकावीत.

पायरी ५: जुनं तर नाही ना?

लेक्चर असो की पुस्तक, सुरू करण्याआधी ते कोणत्या परीक्षेसाठी आणि कधीचं आहे ते बघा. लीजचं (भाडेकरारांचं) लेक्चर अजून जुन्या आयएएस १७ प्रमाणे ऑपरेटिंग लीजचं भाडं सरळ खर्चात टाकत असेल, तर भाडेकरूच्या बाजूसाठी ते कामाचं नाही. १ जानेवारी २०१९ पासून आयएफआरएस १६ लागू आहे आणि बहुतेक लीज ताळेबंदात येतात. तसंच आयएफआरएस १८ हे १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होतं आणि आयएएस १ ची जागा घेतं. नफा-तोटा पत्रकाची मांडणी त्याने बदलते. तुमच्या परीक्षेला कोणती आवृत्ती धरायची ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सूचनेत असतं. पुस्तकाची आवृत्ती पहिल्या पानावर छापलेली असते. व्हिडिओचं तसं नसतं, म्हणून तिथे जास्त जपा.

पायरी ६: कोरा कागद

लेक्चर झालं, वाचन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, काहीही न उघडता, त्याच धड्यातलं एक गणित पूर्ण सोडवा. फॉरमॅटसकट, वेळ लावून.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवणारे पुढे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, एवढं ध्यानात घेतलं तरी पुष्कळ.

मी वेळेचं माप असं धरते: 'ह' धड्याला एक तास लेक्चर असेल तर दोन तास पेन. 'श' धड्याला एक तास वाचन असेल तर एक तास उत्तरं लिहिणं. माप कुणाचं थोडं वेगळं असेल. पण आठवड्याच्या शेवटी वहीत बघितलेल्या तासांपेक्षा सोडवलेल्या तासांची बेरीज कमी भरत असेल, तर पुढच्या आठवड्यात नवीन लेक्चर लावू नका.

चुकांची एक वेगळी वही करा. प्रत्येक चुकीपुढे 'क्रम', 'अट' किंवा 'घाई' यापैकी एक शब्द. महिन्याभरात चित्र स्पष्ट होतं. 'क्रम' जास्त असेल त्या धड्यांना पुन्हा लेक्चर, 'अट' जास्त असेल तिथे पुन्हा वाचन. 'घाई' जास्त असेल तर घड्याळ लावून जास्त प्रश्न.

काही वेगळ्या परिस्थिती

अकाउंट्स पहिल्यांदाच शिकत असाल, डेबिट-क्रेडिटच अजून गोंधळात टाकत असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे लेक्चरला झुकतं माप द्या. अनोळखी भाषा आधी कानावर पडावी लागते. एंट्रीपासून खतावणी, तिथून ट्रायल बॅलन्स आणि ताळेबंद, हा प्रवास एकदा कुणाच्या तरी बोटाला धरून पूर्ण करा. त्यानंतर हळूहळू बोट सोडा. तयार झालेल्या माणसाला पायरी-पायरीचं स्पष्टीकरण उलट अडथळा होतं.

परीक्षा दुसऱ्यांदा देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की सगळी लेक्चर्स पहिल्यापासून लावू नका. अपयशानंतर ते सुरक्षित वाटतं, हे मी जवळून बघितलंय. ओळखीचा आवाज, ओळखीचे प्रश्न, कुठेही पेच नाही. पण अडलेलं असतं तीन-चार ठिकाणी. आधी पूर्ण पेपर सोडवा, चुकांची वही करा, आणि फक्त तेवढ्याच जागा उघडा.

नोकरी करून अभ्यास करणाऱ्यांनी प्रवासात ऐकायला थिअरीची लेक्चर्स ठेवावीत आणि टेबलाशी मिळणारा तास फक्त पेनसाठी राखावा. दिवसातला तो एक ताजा तास व्हिडिओला देऊ नका.

आणि लेक्चर्सचा ढीग साचलाय, परीक्षा दारात आहे अशी अवस्था असेल तर ढीग संपवायचा विचार सोडा. उरलेल्या प्रत्येक धड्याचे पुस्तकातले दोन सोडवलेले प्रश्न कागद सरकवत करा. वाचन इथे वाचवतं, कारण नको तो भाग डोळ्यांनी क्षणात ओलांडता येतो.

शेवटचे पंधरा दिवस नवीन लेक्चर नाही. पूर्ण पेपर, वेळ लावून, एका बैठकीत. अडलात तर आधी चुकांची वही, मग पुस्तकातलं पान, आणि तरीही सुटलं नाही तर लेक्चरमधली तेवढीच पाच मिनिटं. ती बघून झाली की स्क्रीन बंद करा आणि तेच गणित नव्या कागदावर पहिल्या ओळीपासून सोडवा.